बिनकाचेची तसबीर

फोटो घेऊन कुणी दुकानाची पायरी चढलं की माझे वडील फोटोकडे न बघता आधी त्या माणसाकडे बघायचे आणि आवाज उतरवून विचारायचे, "आहेत, की गेले?"

नवख्या गिऱ्हाइकाला हा प्रश्न झोंबायचा. एक बाई तर नवऱ्याचा फोटो काउंटरवरून ओढून घेऊन "जिभेला काही हाड?" असं विचारत तरातरा निघून गेल्या. आठवडाभराने मुकाट्याने परत आल्या, कारण चामराजपेटेत अण्णांसारखी चौकट दुसरं कुणी करत नव्हतं. आमच्या घरात वडिलांना अण्णा आणि थोरल्या मुलीला अक्का म्हणायची रीत. तीच पुढे गिऱ्हाइकांनी उचलली, त्यामुळे माझं खरं नाव पेठेत कुणालाच माहीत नाही. आमचं घराणं या कानडी मुलखात तीनशे वर्षं मुरलेलं. आमच्या मराठीत कानडी इतकं मिसळलेलं की पुण्याचे पाहुणे आले की आमच्याशी हिंदीत बोलायचे.

तर तो प्रश्न. हयात माणसाची चौकट वेगळी आणि गेलेल्याची वेगळी. हयात माणसाला तपकिरी किंवा सोनेरी पट्टी, वेलबुट्टी हवी असेल तर तीही. गेलेल्याला काळी पट्टी, आतल्या अंगाला एक बारीक सोनेरी रेघ, आणि वरच्या कडेला दोन पितळी आकडे. आकडे हार अडकवायला. एकदा अण्णांनी न विचारता एका जिवंत सासऱ्याच्या तसबिरीला आकडे लावले होते म्हणे, आणि त्या घरात सुनेवर फार मोठं बालंट आलं. तेव्हापासून ते विचारायला लागले.

एक निवृत्त पोस्टमास्तर मात्र आमच्या वरचढ निघाले. स्वतःचाच फोटो घेऊन आले आणि अण्णांनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आहे. पण आकडे लावा. मागाहून पोरं कुठली तरी भिकार पट्टी आणतील." चौकट झाली, त्यांना पसंत पडली, आणि पुढे कितीतरी वर्षं ते दर दसऱ्याला ती घेऊन यायचे, आकड्यांना पॉलिश करून घ्यायला. आकडे चकचकीत, आणि म्हातारा त्याहून चकचकीत.

माझं लग्न झालं तरी मी दुकान सोडलं नाही. नवरा गिरणीत कामाला, घर दोन गल्ल्या पलीकडे, अण्णांना मुलगा नाही आणि मला काच कापता येत होती. तेवढं कारण पुरलं. चौकटीत कठीण काही नाही असं लोकांना वाटतं: चार पट्ट्या, एक काच, मागे पुठ्ठा. पण चौकटीचं सगळं इमान कोपऱ्यात असतं. दोन पट्ट्या तिरक्या कापून जिथे मिळतात तिथे केसाएवढी फट राहिली, तर पहिल्या वर्षी कुणाला दिसत नाही, तिसऱ्या वर्षी तिथून झुरळ आत जातं आणि आजोबांची मिशी खातं. म्हणून आम्ही खळ शिजवतानाच तिच्यात मोरचूद घालायचो. निळसर विषारी खळ. त्या खळीचा वास अजून माझ्या नखांत आहे असं मला कधी कधी वाटतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. त्या काळात पुष्कळ माणसं जिवंतपणी फोटो काढायचीच नाहीत. माणूस गेलं की घाईघाईने फोटोवाल्याला बोलावणं जायचं, खुर्चीत टेकवून बसवायचे आणि फोटो काढायचे. अर्थातच डोळे मिटलेले. मग कुणी ऐपतवाला असला तर स्टुडिओतल्या रंगाऱ्याकडून त्या फोटोवर उघडे डोळे रंगवून घ्यायचा. रंगारी घरच्यांना विचारायचा, "डोळे कसे होते?" आणि घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची. तीस-तीस वर्षं संसार केलेल्या बायकांनाही पटकन सांगता यायचं नाही. ज्यांना तो खर्च झेपत नव्हता त्यांचे फोटो मिटल्या डोळ्यांनीच आमच्याकडे यायचे. तेव्हा अण्णा तो प्रश्नही विचारत नसत. मिटलेले डोळे म्हणजे गेलेलं माणूस, एवढं आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

परशुराम चौगुले आमच्याकडे आले ते मात्र रीतसर, लग्नाचा फोटो घेऊन. बेळगावकडचा माणूस, विमानाच्या कारखान्यात नकाशे काढायला. उंच, मानेचा पत्ता नाही, कान चुरगळलेले. कान बघूनच अण्णांनी ओळखलं. "तालमीतले काय?"

"व्हतो," चौगुले म्हणाले. "गुडघा गेला, मग ड्रॉइंगची परीक्षा दिली."

फोटोत ते ताठ उभे, शेजारी खुर्चीवर बायको बसलेली. रत्ना तिचं नाव. आनेकलच्या आमच्यासारख्याच जुन्या घरातली. रंगाने काळी, चांगली काळी, आणि चेहरा असा की मी चौकट करताना दोनदा हात थांबवला. फोटोवाल्याने तिच्या तोंडावर पावडर थापायला लावली होती, ती मानेपाशी संपलेली स्पष्ट दिसत होती. चौकट आठ दिवसांत झाली, पण चौगुले न्यायला आलेच नाहीत. रस्त्यात भेटले की म्हणायचे, "भिंतीला खिळा मारायचाय, अक्का. मग नेतो की." वर्ष होत आलं तरी तो खिळा काही मारून होईना. फोटो आमच्या फळीवर तसाच.

मग एक दिवस ते चित्र घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, पाठीमागे फळी असलेलं कापड. त्यांनी कागद सोडला आणि मी खळीचा हात तसाच हवेत धरून उभी राहिले.

एक लंगोट कसलेला पैलवान पाठमोरा उभा. त्याला डोकं नाही. मानेवर एक तांब्या, पाण्याने काठोकाठ भरलेला. समोर लांब अंगणात एक बाई वाकून रांगोळी काढतेय, पण ती रांगोळी नव्हतीच. पैलवानाच्या हातांवरच्या शिरा बोटांतून खाली जमिनीवर उतरल्या होत्या आणि दूर तिच्या चिमटीपर्यंत पोचल्या होत्या. ती त्या शिरांचंच कमळ काढत होती. आणि तो हलत नव्हता. हलला असता तर पाणी सांडलं असतं.

तोवर माझ्या हातून देव गेले होते, मेलेली माणसं गेली होती, नवरानवरी आणि छापलेली मंगलाष्टकं गेली होती. चित्र म्हणजे जे समोर आहे ते, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माणसाच्या आत जे चाललंय त्याचंही चित्र निघतं, आणि ते फोटोपेक्षा खरं असतं. माझ्या अंगावर काटा आला. भीतीने नव्हे, देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकला की येतो तसा.

अण्णा चष्मा वर करून जवळ आले. "देवाचं काय?"

"न्हाई."

"मग घरचं कुणी?"

"मीच, अण्णा."

अण्णांना सवय. त्यांच्या तोंडून गेलंच, "आहेत, की..." आणि ते थांबले.

चौगुले हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "ते अजून ठरायचंय."

मी काच मापायला घेतली तर त्यांनी हात आडवा केला. "काच नको, अक्का. तैलरंग हाय. त्याला हवा लागते." आमच्या दुकानातून काचेशिवाय काहीच बाहेर गेलं नव्हतं. मला तर काच नसलेलं चित्र उघडं वाटलं, अंगावर पदर नसलेल्या बाईसारखं. मी तसं म्हटलंही. ते मान खाली घालून म्हणाले, "तसंच पायजे."

असली चित्रं त्यांनी कुठे पाहिली म्हणाल, तर कारखान्याजवळच्या वाचनालयात परदेशी मासिकं येत, त्यांत. तिकडच्या काही चित्रकारांनी स्वप्नं जशीच्या तशी रंगवायला सुरुवात केली होती. या प्रकाराला अतिवास्तव म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. चौगुल्यांना ते नाव माहीत होतं की नाही, कोण जाणे. ते एवढंच म्हणायचे, "दिसतं तसं काढायचं. लाज ठिवली तर चित्र मरतं बगा."

दुसरं चित्र आलं तेव्हा रत्ना माहेरी गेली होती. त्यात तालमीचा लाल मातीचा हौद, आणि हौदाच्या मधोमध पलंग. एका उशीतून मोगऱ्याचा वेल निघून छताला गेलेला. दुसऱ्या उशीवर ओली माती, आणि मातीत एका हाताचा पंजा खोल उमटलेला, कुणीतरी उठताना जोर दिल्यासारखा. पलंग रिकामा.

मी पट्ट्या कापत होते. करवत चालू असली की माझे डोळे तिच्यावर, आणि बोलणाऱ्याला समोरच्याचे डोळे नको असतात. चौगुले आपणहून बोलायला लागले. चौदा-पंधरा वर्षांचे असताना वस्तादांनी मारुतीच्या पायावर हात ठेवायला लावला होता, लंगोट पक्का ठेवीन म्हणून. बाईचा विचारसुद्धा आला की अंगातली ताकद पाण्यासारखी वाहून जाते, असं वस्ताद रोज सांगायचे. ज्याला तसं स्वप्न पडेल त्याने सकाळी उठून सगळ्यांसमोर कान धरायचे. चौगुल्यांनी कितीदा तरी धरले होते.

"पण शपथ जन्माची नव्हती ना?" मी विचारलं.

"न्हाई की. आखाड्यात हाईस तोवर, असं म्हणाले व्हते. आखाडा सुटला, अक्का, पण माझ्या अंगातनं न्हाई सुटला."

सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात तो हा. बरं, माणसाला बायको नकोशी असती तर निराळं. या माणसाला ती इतकी हवी होती की तिच्या पैंजणाचा आवाज स्वयंपाकघरातून आला तरी हातातली पेन्सिल मधेच थांबायची. आणि जितकी हवी वाटायची तितकी आपलीच किळस यायची. म्हणून तो तिच्याकडे बघायचाच नाही. जेवताना ताटाकडे, बोलताना भिंतीकडे. ड्युटी संपल्यावरही कारखान्यात थांबायचा, तिथेच रंगवत बसायचा. हे त्याने सरळ शब्दांत सांगितलं नाही. तुटक तुटक बोलला, मधेच "जाऊ द्या" म्हणाला, उरलेलं मी चित्रावरून जोडलं. परक्या बाईवर मन गेलेली माणसं पेठेत मी पुष्कळ पाहिली होती. स्वतःच्या बायकोला घाबरून पळणारा पहिलाच.

"हे तिला सांगा," मी म्हटलं.

"तोंडानं जमत न्हाई." आणि चित्राकडे बोट दाखवून, "हातानं बगतोय जमतंय काय."

पण इकडे हात चालत होता आणि तिकडे आनेकलात रत्नाच्या भावांनी मन पक्कं केलं होतं. दोन्हीकडची वडीलधारी माणसं दिवाळीआधी बसणार, काडीमोड करणार आणि पोरीचं दुसरीकडे बघणार, असं ठरल्यातच जमा होतं. रत्ना स्वतः काय म्हणते ते कुणी विचारलं नव्हतं. चौगुल्यांनीही नाही.

त्याच सुमारास मी होसूरला एका लग्नाला गेले. सकाळच्या बसने परतले, पिशवी ठेवायला दुकानात शिरले आणि समोरच्या भिंतीवर ते तिसरं चित्र पाहिलं.

ते मला नीट सांगता येणार नाही, पण सांगते. सगळ्या चित्रभर एका बाईचा चेहरा, निजलेला. रत्नाचा. पावडरीचं नाव नाही. काळा रंग असा लावला होता की आतून जांभळा, निळा, तांबूस उजेड वर येत होता. पिकलेलं जांभूळ पाण्यात धुतल्यावर दिसतं ना, तसा. एका माणसाने किती वेळ, किती जवळून बघितलं असेल तेव्हा त्याला एका काळ्या रंगात इतके रंग दिसले असतील! केस मोकळे सुटून खाली जाता जाता नदी झाले होते आणि नदीवर मोगरा वाहत होता. काठावर बोटाएवढा एक पैलवान उघड्या अंगाने उभा, कपडे नीट घडी घालून दगडावर ठेवलेले. पाण्याला पाय लावू की नको, असा. आणि तिच्या कपाळावर कुंकवाच्या जागी एक लहानशी खिडकी, आत दिवा, दिव्याखाली दोन ताटं वाढलेली.

मी आयुष्यात पुष्कळ चौकटी केल्या, पण एखाद्या चित्रापुढे आपोआप हात जोडले गेले ते त्या एकदाच.

आणि मग मला ती चौकट दिसली. काळी पट्टी. आत सोनेरी रेघ. वर दोन पितळी आकडे, आणि आकड्यांवर चंदनाच्या चकत्यांचा हार.

"अण्णा!" मी ओरडलेच.

अण्णा आतून आले, डोळे ओले. "बिचारा. आपल्याला कळवलंसुद्धा नाही. गावी आई आजारी आहे म्हणून जाताजाता चित्र ठेवून गेला, सोमवारी मेलमधून उतरून थेट इथे येतो म्हणाला. काय विचारणार? डोळे मिटलेले, नदी, काठावर नवरा कपडे काढून उभा, स्नान करून घरी जायचं राहिलंय. हार माझ्याकडून घातला, स्वल्प बरा दिसतो म्हणून."

मी काही बोलायच्या आत दारात सावली पडली. रस्त्यात एक घोड्याचा जटका उभा होता, त्यावर ट्रंक आणि भांड्यांचं गाठोडं, शेजारी एक दांडगा तरुण. पायरीवर रत्ना.

"अक्का तुम्हीच नव्हे?" ती म्हणाली. "आमच्या लग्नाचा फोटो तुमच्याकडे राहिलाय म्हणे. माझं सामान घेऊन चाललेय. तोही द्या, त्या घरात माझं काही ठेवायचं नाही."

मी तिच्या आणि भिंतीच्या मधे जाऊन उभी राहिले. पण मी आहे पाच फुटांच्या आतली, आणि चित्र होतं दारासारखं मोठं.

तिने पाहिलं. आधी हार पाहिला असावा. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अय्यो. मी मेले, आणि मलाच कुणी सांगितलं नाही."

अण्णा मटकन स्टुलावर बसले. त्यांना त्या दिवसाइतकं गोरंमोरं झालेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "माझी चूक, बाळ," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "त्याची नव्हे, माझी. मी धंद्याच्या डोळ्याने बघितलं." आणि लगबगीने हार काढायला गेले तर आकड्यात दोरा गुंतला, तो सुटेना. शेवटी रत्नानेच पुढे होऊन तो तोडला. चंदनाच्या चकत्या खाली सांडल्या.

ती आता चित्राच्या अगदी जवळ होती. काच नव्हती. तिने एक बोट उचललं आणि केसांच्या नदीवरून खाली खाली नेलं, मोगऱ्यापाशी थांबली, मग गालावर आली. रंगाचा उंचवटा बोटाला लागत असावा. भाऊ बाहेरून ओरडला, "लवकर गं, बस चुकेल!" तिने ऐकलं नाही.

"हे कुणी काढलं?"

"तुझ्या नवऱ्याने."

"ते कारखान्यातले नकाशे काढतात."

"हेही काढतात."

तिने गालावरचं बोट काढलं नाही. "मला वाटायचं," ती म्हणाली आणि थांबली. तिला रडू येत होतं की हसू, कळत नव्हतं. "मी काळी म्हणून बघत नाहीत, असं वाटायचं. वर्षभर. ताटाकडे बघतील, भिंतीकडे बघतील, माझ्याकडे नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली हळद लाव. लावली की अक्का, किती लावली!"

मी आत जाऊन पहिली दोन चित्रं आणली, चौगुले ती खोलीवर न नेता आमच्याकडेच ठेवत असत. भिंतीला टेकवून तिच्यापुढे मांडली. माझ्यापाशी बोललेलं मी तिला सांगितलं नाही, ते माझं नव्हतं. पण हातानं जमतंय काय बघतो, असं तो म्हणाला होता. तेव्हा हातानं जे जमलं ते तिला बघू द्यायला माझी काही हरकत नव्हती.

ती जमिनीवर बसली, तिथेच, लाकडाच्या भुशात. तांब्याचं डोकं असलेल्या माणसापुढे फार वेळ बसली. मग मोठ्या चित्रातल्या बोटाएवढ्या पैलवानाकडे मान वर करून विचारलं, "हा पाण्यात का उतरत नाही?"

"भितो."

"कुणाला?"

"ते तूच विचार."

भाऊ आत आला, बहीण जमिनीवर बसलेली पाहून चिडला. चल म्हणाला, गावात काय तोंड दाखवू म्हणाला. रत्ना उठलीसुद्धा नाही. "दादा, ट्रंक इथे उतरव आणि तू जा. सोमवारपर्यंत मी अक्कांकडे राहते. सरी ना, अक्का?" मला विचारायच्या आधीच तिने ठरवलं होतं. मीही सरी म्हटलं, म्हणजे बरं. भाऊ पुष्कळ बडबडला आणि शेवटी जटकेवाल्याला भाडं वाढवून मागण्याची संधी देऊन निघून गेला.

मधले दोन दिवस ती दुकानात बसून पट्ट्यांना पॉलिश करत होती आणि अण्णांशी कानडीत गप्पा मारत होती. चित्र भिंतीवरच. अण्णांनी ती चौकट सोडवायची म्हणून हातोडी घेतली तर ती म्हणाली, "असू दे, त्यांना बघू दे." अण्णांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

या वयात एक सांगून टाकायला हरकत नाही. माझा नवरा भला माणूस होता, आमचं कधी भांडण झालं नाही. पण त्या दोन दिवसांत मला सारखं वाटत होतं, आपल्याकडे कुणी इतकं बघितलंय का? आणि आपण तरी कुणाकडे? त्याचे डोळे कसे आहेत असं रंगाऱ्याने मला विचारलं असतं, तर मीही इतरांच्या तोंडाकडे बघत बसले असते. त्या आठवड्यात घरी गेल्यावर मी नवऱ्याला जेवताना न्याहाळलं. तो म्हणाला, "मीठ जास्त झालं काय?"

सोमवारी मेल उशिरा आली. चौगुले हातात ट्रंक घेऊन पायरी चढले ते अण्णांना "झालं काय?" असं विचारतच. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. काळी पट्टी, आकडे. तोंडावरचा रंग उडाला. अण्णा काहीतरी सांगायला उठले, पण तोवर चौगुल्यांची नजर चित्राखाली आली होती. तिथे रत्ना बसली होती, मांडीवर पट्टी, हातात पॉलिशचं फडकं.

सवयीप्रमाणे ते भिंतीकडे बघायला गेले. पण भिंतीवरही तीच होती.

मला वाटलं, हा माणूस आता पळणार. आखाड्यात असता तर पाय रोवून उभा राहिला असता, इथे त्याला रोवायला मातीच नव्हती. मी काच पुढ्यात ओढून घेतली, कापते असं दाखवलं. अण्णा उगाच खळ ढवळत राहिले.

रत्ना उठली. भुसा झटकला.

"अण्णांनी डोळे मिटलेले बघितले म्हणून आकडे लावले," ती म्हणाली. "अण्णांवर रागवायचं नाही. पण तुम्ही सांगा. मिटलेले का काढले? माझे डोळे इतके वाईट आहेत?"

चौगुल्यांचा आवाज आला तो इतका बारीक की एवढ्या मोठ्या देहातून तो आला हे खरं वाटेना.

"उघडे... बगितलेच न्हाईत कधी. तू झोपलीस की बगत बसायचो. तेवढाच धीर व्हायचा. मला उघडे माहीतच न्हाईत, रत्ना."

माझ्या हातातली काच कापायची हिरकणी काचेवर कुठल्या कुठे गेली.

रत्ना त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, आणि त्यांना मान खाली घालायला जागाच राहिली नाही. खाली बघितलं तरी समोर तीच होती.

"मी झोपायचे नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. तुम्ही बघताय हे मला कळायचं. डोळे उघडले तर उठून जाल, म्हणून मिटून पडून राहायचे."

चौगुल्यांनी ट्रंक खाली ठेवली आणि तिच्याकडे बघितलं.